तेराशे पंचेचाळीस सालचं कपाट

बद्रीनाथ खोटं बोलला नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढं जो गोंधळ झाला त्याची सुरुवात त्याच्यापासूनच झाली, पण त्यानं केलं काय, तर पुस्तकावर छापलेलं साल मोठ्यानं वाचलं. वाचणं हा गुन्हा असेल तर ग्रंथालयात शिपाई ठेवूच नये.

गोष्ट सदुसष्ट सालची. औरंगाबादच्या एका मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात नव्या पुस्तकांची चाळीस खोकी येऊन पडली होती. खोकी व्हरांड्यात, पुस्तकं खोक्यांत आणि विद्यार्थी खोक्यांवर बसून चहा पिणार, असा प्रकार महिनाभर चालला. आत जागाच नव्हती. फळ्यांवर जुन्या पुस्तकांनी ठाण मांडलं होतं, आणि ती नुसती जुनी नव्हती तर चुकीचीही झाली होती. त्या वर्षी एका मुलानं परीक्षेत न्यूमोनियावर छातीला अळशीचं पोटीस बांधा असं लिहिलं. परीक्षकानं विचारलं, हे कुठं वाचलंस? मुलानं बिचाऱ्यानं ग्रंथालयातल्या पुस्तकाचं नाव सांगितलं. परीक्षक हसले, मुलगा नापास झाला आणि डीनसाहेबांनी हुकूम काढला की जुनी पुस्तकं बाहेर काढा.

सरकारी भाषेत याला निर्लेखन म्हणतात. म्हणजे वस्तू आधी वहीतून मारायची आणि मग दारातून. हे काम आलं ग्रंथपाल नानासाहेबांकडं. नानासाहेब सातारकडचे, औरंगाबादला बदलून येऊन त्यांना आठ महिने झाले होते. माणूस शिस्तीचा आणि मनानं वाईट नव्हता, पण मराठवाड्यातली कुठलीही गोष्ट आधी चुकीची धरायची आणि मग तपासायची, अशी त्यांना सवय होती. त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे, "जुनं औषध निदान बाटलीवरची तारीख बघून टाकता येतं. जुनं पुस्तक कपाटात बसून माणसं मारतं." हे मात्र त्यांचं खरं होतं.

ग्रंथालयाचा शिपाई बद्रीनाथ यानं या कामात जीव ओतला. अकराशे इंग्रजी पुस्तकं त्यानं खाली उतरवली, झटकली आणि प्रत्येकावर जांभळ्या शाईत 'रद्द' असा शिक्का मारला. शिक्का मारताना त्याला मजाच येत होती. त्या पुस्तकांनी त्याला कधी दाद दिली नव्हती, त्यानं त्यांना का द्यावी? रद्दीवाल्याचा गाडा भरून गेला तेव्हा त्यानं फाटकापर्यंत जाऊन त्याला हात केला.

आणि मग उरलं जिन्याखालचं सागवानी कपाट.

या कपाटात एक्क्याण्णव पुस्तकं होती आणि सगळीच्या सगळी उर्दू. निजामाच्या राज्यात इथल्या जुन्या दवाखान्यात कंपाउंडरीचा वर्ग चाले, त्याची ही पुस्तकं. तेव्हा डॉक्टरकीसुद्धा उर्दूत शिकवत. सिल्लोडकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा त्या वर्गात शिकायला आला होता, आणि पहिल्या वर्षी वर्गात पहिलाही आला होता. दुसऱ्या वर्षी पोलीस अॅक्शन झाली. राज्य बदललं याचा त्या मुलाला आनंदच झाला, गावात साखरही वाटली त्यानं. पण राज्याबरोबर भाषाही बदलली. वर्ग बंद पडला, पुन्हा उघडला तो इंग्रजीत, आणि इंग्रजीचं तर त्याला एक अक्षर येत नव्हतं. तो मुलगा म्हणजे बद्रीनाथ. ज्या पुस्तकांतून तो शिकला, त्याच पुस्तकांवरची धूळ झटकायची नोकरी त्याला आठ वर्षांनी मिळाली.

दुपारी दोन ते तीन ग्रंथालयात शुकशुकाट असे. त्या वेळात बद्रीनाथ जिन्याखाली खोक्यावर बसून वाची. एक पुस्तक तर, 'तशरीह' म्हणजे शरीररचनेचं, त्याचं अकरा वेळा वाचून झालं होतं. त्यातली औषधं आता कुणी मांजरालाही देणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. स्वतःच्या पोरीला ताप आला तेव्हा तो पुस्तक न उघडता सरळ ओपीडीच्या रांगेत उभा राहिला होता. पण त्या कपाटापुढं बसलं की तो शिपाई नसे. चोवीस तासांतला तेवढा एक तास तो वर्गात पहिला आलेला मुलगा असे. त्या तासावर आता रद्दीवाल्याचा गाडा येणार होता.

नानासाहेब वही घेऊन कपाटापुढं आले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या आधीच्या ग्रंथपालांना उर्दू येत नव्हतं, म्हणून त्यांनी वहीत 'उर्दू पुस्तक क्रमांक एक', 'उर्दू पुस्तक क्रमांक दोन' असं एक्क्याण्णवपर्यंत लिहून ठेवलं होतं. कॉलेजचे शिक्केही त्यांनी पहिल्या पानावर म्हणून शेवटच्या पानावर मारले होते, कारण उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. निर्लेखनाच्या फॉर्मात मात्र नाव, लेखक आणि साल लिहावं लागे.

"बद्रीनाथ, तुला हे वाचता येतं म्हणे?"

"येतं की साहेब."

"मग एकेक वाच, मी लिहितो. नाव आणि साल. भाष्य नको."

बद्रीनाथनं 'तशरीह' उघडलं. नाव सांगितलं, लेखक सांगितला, आणि छापलं होतं तसं साल सांगितलं, "तेराशे पंचेचाळीस."

नानासाहेबांचं पेन थांबलं. "किती?"

"तेराशे पंचेचाळीस."

आता इथं जरा थांबायला हवं. निजामाच्या राज्यात सरकारी साल फसली चाले. सारा फसलीत, शाळेचे दाखले फसलीत आणि पुस्तकंही फसलीतच. त्यात पाचशे नव्वद मिळवले की इंग्रजी साल येतं. तेराशे पंचेचाळीस म्हणजे एकोणीसशे पस्तीस. मराठवाड्यातल्या तिशीच्या पुढच्या कुठल्याही माणसाला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पण नानासाहेबांच्या साताऱ्यात फसली कुठलं? त्यांनी खिशातून नियमांचं पुस्तक काढलं, बोट जिभेला लावून पानं उलटली आणि हलक्या आवाजात वाचलं की शंभर वर्षांपूर्वीचा ग्रंथ दुर्मिळ समजावा, तो रद्द करू नये, वर कळवावं.

बद्रीनाथच्या जिभेच्या टोकावर 'फसली' हा शब्द आला होता. बाहेर पडायला त्यानं फक्त ओठ उघडायचे होते. पण साहेबांनी नियम वाचला आणि बद्रीनाथनं तो शब्द आवंढ्याबरोबर गिळला. भाष्य नको, असं साहेबांनीच बजावलं होतं ना?

"पुढचं वाच," नानासाहेब म्हणाले. त्यांनी वहीचं नवं पान काढलं.

"तेराशे एक्केचाळीस. ह्ये तेराशे अडोतीस. ह्ये जरा नवं हाय साहेब, तेराशे पन्नासचं."

संध्याकाळपर्यंत ही बातमी डीनसाहेबांच्या खोलीत पोचली आणि त्याच संध्याकाळी ती सगळ्या खालच्या नोकरवर्गातही पोचली. फरक इतकाच की वर ती बातमी म्हणून गेली आणि खाली ती चेष्टा म्हणून आली. माळी, वॉर्डबॉय, आया, शवागाराचा पहारेकरी, सगळेच इथले. सगळ्यांना फसली माहीत, आणि कुणालाही साहेबांना सांगायची घाई नव्हती. बाहेरून येऊन उठता बसता 'तुमच्या मराठवाड्यात' असं म्हणणाऱ्या साहेबांना आपणहून शहाणं करायचं कंत्राट कुणी घेतलं होतं?

मुंबईला संचालकांकडं पाठवायचं पत्र हेडक्लार्क हाफिजमियाँनी टाइप केलं. स्वतः मियाँ उर्दूतून मॅट्रिक. त्यांनी पत्र टाइप केलं, चष्मा काढून पुसला आणि बद्रीनाथला बोलावलं.

"बद्रीभाई, ये तेरा सौ पैंतालीस सही हय क्या?"

"जो छापा हय वो हय, मियाँ."

"हौ, वो तो हय," असं म्हणून मियाँनी पत्राखाली कार्यालयाचा शिक्का मारला. शिक्का मारताना त्यांचा चेहरा इतका गंभीर होता की बद्रीनाथला बाहेर जाऊन हसावं लागलं.

दोन दिवसांनी डीनसाहेबांनी नेमलेली समिती आली. समितीत तीन प्राध्यापक होते, पण बोलत होते एकटे शरीररचनेचे. त्यांनी 'तशरीह' हातात घेतलं आणि भुवया उंचावल्या.

"नानासाहेब, हे तर छापलेलं आहे. तेराशे पंचेचाळीसला छापखाने होते का?"

आता सगळं फुटणार, असं बद्रीनाथला वाटलं. पण माणसाला एकदा एखादी गोष्ट हवीशी वाटली की पुरावा तो स्वतःच तयार करतो. नानासाहेबांनी दोन रात्री जागून उत्तर शोधून ठेवलं होतं. "छपाई मागाहूनची असणार सर. ग्रंथ मूळ तेराशे पंचेचाळीसचा. ते साल त्यांनी परंपरा म्हणून जपलंय."

"असं होय," प्राध्यापक म्हणाले आणि पानं उलटू लागले. हृदयाचं चित्र पाहून त्यांनी मान डोलावली. "अहो, झडपासुद्धा बरोबर दाखवल्यात. सहाशे वर्षांपूर्वी."

पुढं अजून वीसेक पानांवर मोडलेल्या मनगटाचा एक्स-रे छापलेला होता. बद्रीनाथला तो पान न बघता माहीत होता. प्राध्यापकांचं बोट तिकडं सरकायला लागलं तसा बद्रीनाथ पुढं झाला आणि म्हणाला, "साहेब, द्या मी धरतो. कागद लई नाजूक हाय, सहाशे वर्सांचा." त्यानं पुस्तक अदबीनं काढून घेतलं, मिटलं आणि कपाळाला लावलं. ते बघून तिन्ही प्राध्यापकांनी नकळत पायातले बूट मागे घेतले.

समितीनं एकमतानं शेरा लिहिला की कपाट अत्यंत दुर्मिळ आहे. बद्रीनाथ त्या दिवशी घरी जाताना पावशेर जिलेबी घेऊन गेला. बेगमपुऱ्यातल्या त्याच्या एका खोलीत बायको साळूबाई आणि पोरगी जिलेबी खात बसल्या आणि त्यानं सगळी हकिकत नाटक करून सांगितली. साळूबाई हसली, पण तिच्या हसण्यात थोडी शंका होती.

"म्हंजी आता पुस्तकं कुठं जात नाय?"

"कुठंबी जात नाय."

ते खरं होतं. पुस्तकं कुठंही गेली नाहीत. फक्त आठ दिवसांनी डीनसाहेबांनी जुनं सागवानी कपाट काढून टाकलं, ग्रंथालयाच्या दारातच मोठं काचेचं कपाट करून आणलं, एक्क्याण्णव पुस्तकं त्यात रचली, त्याला पितळी कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या टेबलाच्या खणात ठेवली. वर पाटी लागली, 'अतिदुर्मिळ ग्रंथ. हात लावू नये.' बद्रीनाथला नवीन काम मिळालं, रोज सकाळी काच बाहेरून पुसायची.

करायला गेला गणपती आणि झाला मारुती, ते असं. दुपारी दोन वाजले की बद्रीनाथचे पाय आपोआप जिन्याखाली जात. तिथं आता नव्या पुस्तकांची रिकामी खोकी होती. मग तो परत येई आणि काचेसमोर उभा राही. मधल्या फळीवर 'तशरीह' उघडून ठेवलेलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. ठेवणारे नानासाहेब, त्यामुळे ते उलटं होतं. डोकं खाली, पाय वर. तेच एक पान, उलटं, रोज. दुसरं कुणी असतं तर त्याला हसू आलं असतं. बद्रीनाथ मान तिरपी करून ते पान वाचायचा, आणि मागून एखादा विद्यार्थी म्हणायचा, "मामा, मान आखडली काय? ऑर्थोपेडिकला दाखवा."

तीन आठवडे हे चाललं. बद्रीनाथचं जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. साळूबाईनं एक दिवस भाकरी थापता थापता विषय काढला.

"काय बिनसलंय?"

"पुस्तकं वाचली म्हणून मीच वाजतगाजत आलो, आन् आता मलाच वाचता येईना."

"मग रद्दीत गेली असती तर काय झालं असतं?"

"रद्दीवाला घेऊन गेला असता, दुसरं काय."

"रद्दीवाल्याला पुस्तकं पायजे व्हती का पैसे पायजे व्हते?" साळूबाईनं भाकरी तव्यावर टाकली. "इंग्रजी पुस्तकांचं त्यानं काय केलं? भज्याचे पुडे. तुमी हात पसरला असता तर तुमालाबी दिली असती. सोन्याच्या किमतीत चढवून ठेवली तुमी, आन् सोनं काय गरिबाच्या घरी ऱ्हातं का?"

बद्रीनाथनं हातातली भाकरी खाली ठेवली. जो शिक्का चुकवण्यासाठी त्यानं एवढा खटाटोप केला, तोच शिक्का पुस्तकांवर पडला असता तर आज ती त्याच्या खाटेखाली असती. कॉलेजची होती तोवर ती त्याची नव्हतीच, रद्द झाली असती तर त्याची झाली असती. एवढी साधी गोष्ट अकरा वेळा तशरीह वाचूनही त्याला कळली नव्हती, याचा त्याला मनापासून राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नानासाहेबांच्या टेबलापुढं हात जोडून उभा राहिला.

"साहेब, एक चूक झाली. ते साल फसली हाय."

"म्हणजे?"

बद्रीनाथनं सांगितलं. पाचशे नव्वद मिळवायचे हेही सांगितलं. नानासाहेबांनी कागदावर बेरीज केली, मग पुन्हा केली.

"कशावरून? तुझा काय पुरावा?"

"साहेब, माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्म तेराशे एकोणचाळीस सालचा हाय. पुस्तक सहाशे वर्सांचं असंल, तर मीबी हाय. मग मलाबी काचंत ठेवा."

नानासाहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. ते उठले, खोलीचं दार लावलं आणि बसले. बद्रीनाथला वाटलं, आता मेमो निघणार. पण नानासाहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, "हे अजून कुणाला सांगितलंस?"

"सगळ्यांना ठाव हाय साहेब. तुमी सोडून."

"संचालक येणार आहेत मुंबईहून. परवा. कपाटाचं उद्घाटन आहे. पत्रिका छापल्यात." नानासाहेबांनी कपाळावरचा घाम टिपला. "बद्रीनाथ, झाकली मूठ सव्वा लाखाची. तू गप्प बसायचं. बोललास तर शवागारात बदली करीन, रात्रपाळीला. कळलं?"

आला का प्रसंग. खोटं होतं तेव्हा सगळ्यांना हवं होतं आणि खरं बोलायला गेला तर ऐकायला माणूस तयार नाही. बद्रीनाथ काच पुसता पुसता दिवसभर विचार करत राहिला. तोंडानं बोलायचं नाही असा हुकूम होता. ठीक आहे, तो बोलणार नव्हता.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो नानासाहेबांना म्हणाला, "साहेब, पुस्तक उलटं ठेवलंय."

"कुठलं?"

"मधलं, उघडं. उद्या संचालकांसंगं कुणी उर्दू जाणणारा आला तर काय म्हनंल?"

 नानासाहेब धावत जाऊन डीनसाहेबांकडून किल्ली घेऊन आले. कुलूप उघडलं. बद्रीनाथनं तीन आठवड्यांनी पुस्तकाला हात लावला, आणि क्षणभर तो कशाला आला होता तेच विसरला. मग त्यानं पुस्तक सुलटं केलं आणि म्हणाला, "चित्राचं पान काढू का साहेब? नुसती अक्षरं कुणाला कळणार?"

"काढ, काढ. चांगलं काढ."

बद्रीनाथनं न बघता पान काढलं. जुन्या पुस्तकांत छापील फोटोंवर पातळ बटर पेपर लावलेला असतो, तसा त्यावर होता. त्यातून हाताचा पंजा अंधुक दिसत होता. नानासाहेबांनी वाकून बघितलं. "हात आहे का? वा. छान आहे." मग कुलूप उचलायला ते टेबलाकडं वळले. दोन पावलं जायचं आणि दोन पावलं यायचं. तेवढ्यात बद्रीनाथनं बटर पेपर उचलून मागं दुमडला. कुलूप जाम होतं, लावताना नानासाहेबांचं सगळं लक्ष किल्लीच्या भोकात होतं.

सकाळी अकरा वाजता संचालक आले. हार झाले, भाषण झालं. डीनसाहेबांनी सांगितलं की युरोपात लोक जळवा लावत होते तेव्हा आपल्या या भूमीत वैद्यकाचे असे असे ग्रंथ लिहिले जात होते. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात टाळ्या दाराशी उभ्या असलेल्या खालच्या नोकरवर्गानं वाजवल्या. हाफिजमियाँ तर पहिल्या रांगेत येऊन वाजवत होते.

संचालक काचेपुढं आले. फीत कापली आणि वाकले. वाकले ते बराच वेळ वाकूनच राहिले. मनगटाचं हाड मोडलेलं स्पष्ट दिसत होतं. बोटातली अंगठीसुद्धा दिसत होती. संचालक व्हायच्या आधी ते एक्स-रे विभागातलेच डॉक्टर होते, पण हे ओळखायला डॉक्टर असायची गरज नव्हती.

"कुठल्या सालचं म्हणालात?"

"तेराशे पंचेचाळीस," डीनसाहेब अभिमानानं म्हणाले. ते पाटीकडं बघत होते, पानाकडं नाही.

"आणि या हकिमांकडे वीज होती?"

मग डीनसाहेबांनी पानाकडं बघितलं. शरीररचनेच्या प्राध्यापकांनी बघितलं. नानासाहेबांनी बघितलं आणि लगेच बद्रीनाथकडं बघितलं. बद्रीनाथ हाताची घडी घालून छताकडं बघत होता. मागून कुणीतरी खोकलं, मग दुसरं कुणी खोकलं, आणि बघता बघता सगळ्या आया, माळी आणि वॉर्डबॉयना खोकल्याची साथ आली. संचालक सभ्य होते. त्यांनी घड्याळ बघितलं, चहा घेतला आणि गाडीत बसले. गाडी वळेपर्यंत त्यांचे खांदे हलत होते.

डीनसाहेबांनी नानासाहेबांना आत बोलावलं. त्यांचा आवाज पार पोर्चपर्यंत ऐकू आला. चौकशी करा असं मात्र ते म्हणाले नाहीत, कारण चौकशी झाली असती तर पहिलं पत्र कुणाच्या सहीनं गेलं हे निघालं असतं. नानासाहेबही बद्रीनाथचं नाव बोलले नाहीत, कारण मग बद्रीनाथनं दोन दिवस आधी काय सांगितलं होतं तेही निघालं असतं. तेरी भी चुप, मेरी भी चुप. हुकूम झाला तो एवढाच, की यातलं एकही पुस्तक उद्या या इमारतीत दिसता कामा नये. कुठंही टाका. कागद एकच करा आणि तो माझ्याकडं आणून द्या.

नानासाहेब टेबलाशी येऊन बसले. त्या दोन तासांत त्यांचं वय वाढल्यासारखं दिसत होतं. बद्रीनाथला त्यांची खरोखर दया आली, आणि आपण जरा जास्तच केलं असंही वाटलं.

"साहेब," तो म्हणाला, "कुठंबी टाका म्हणाले ना? मी टाकतो. माझ्या घरी."

नानासाहेबांनी मान वर केली. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी एवढंच विचारलं, "यासाठी केलंस होय?"

"आधी रद्दीचा गाडा टळावा म्हणून केलं होतं. मग यासाठी केलं."

"ने," नानासाहेब म्हणाले. "पण निर्लेखनाला कारण लागतं. जुनी झाली असं लिहिलं तर पुन्हा सालाचा प्रश्न येतो. साल या कागदावर मला नकोय." त्यांनी पेन उघडलं, थोडा विचार केला, आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं की सदर एक्क्याण्णव पुस्तकं या ग्रंथालयात गेल्या दहा वर्षांत कुणीही वाचलेली नाहीत. मग कागद त्यांनी बद्रीनाथकडं सरकवला. "कपाट तुझ्या ताब्यात होतं. दाखला तूच द्यायचा. सही कर."

बद्रीनाथनं कागद वाचला. एकदा वाचला, मग पुन्हा वाचला. कुणीही वाचलेली नाहीत. दहा वर्षांच्या दुपारी, दोन ते तीन, सुट्ट्या वगळून. ते सगळं या एका ओळीनं मारलं जात होतं, आणि ती ओळ खरी आहे असं त्यानंच लिहून द्यायचं होतं. दिलं नाही तर पुस्तकं मिळणार नव्हती. त्याला इतकं वाईट वाटलं की हातातलं पेन टेबलावर ठेवून निघून जावं असं एकदा मनात आलं.

पण तो गेला नाही. त्यानं कागद पुढं ओढला, पेन कागदाच्या उजव्या कडेला टेकवलं आणि डावीकडं नेत, एकोणीस वर्षांत कुठल्याही सरकारी कागदावर केली नव्हती तशी, उर्दूत सही केली.

नानासाहेबांनी ती सही टिपकागदानं टिपली, कागद उलटा धरला, सुलटा धरला.

"हे कुणी वाचायचं, बद्रीनाथ?"

"वाचणारा कुणी नाय, असंच तर तुमी लिहून घेतलं साहेब," बद्रीनाथ म्हणाला, आणि तशरीह असलेला पहिला गठ्ठा खांद्यावर घेऊन सायकलकडं निघाला.